आतड्यातलं पेप्टाइड, बीटा पेशी आणि इन्सुलिन: स्रवणाचा प्रयोग प्लेटवर कसा मांडायचा

जीएलपी-१ हे आतड्यातून स्रवणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) पेशींवर घातलं की इन्सुलिन वाढतं, असं समजून प्रयोग मांडला तर तो बहुतेक वेळा फसतो. ग्लुकोज कमी असताना हे पेप्टाइड कितीही घातलं तरी स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी फारसं इन्सुलिन सोडत नाही. वाफसा नसताना केलेल्या पेरणीसारखं ते होतं. बियाणं कितीही चांगलं असलं तरी उगवत नाही. ग्लुकोज पुरेसं असलं की तेच पेप्टाइड, तेवढ्याच मात्रेत, स्रवण कित्येक पटींनी वाढवतं. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी पेप्टाइडइतकीच ग्लुकोजभोवतीही फिरते.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी इथल्या प्रयोगशाळांमध्ये पेशीसंवर्धनाची मूलभूत सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे: बायोसेफ्टी कॅबिनेट, सीओटू इन्क्युबेटर, उलटा मायक्रोस्कोप, एलायझा रीडर. या प्रयोगाला त्यापलीकडे फारसं काही लागत नाही. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा किंवा नुकतीच पीएचडी सुरू केलेला विद्यार्थी तो नीट करू शकतो. पैसा मुख्यतः पेप्टाइड आणि इन्सुलिन मोजायचं एलायझा किट यांवर जातो, आणि वाया जातो तोही तिथेच.

आत काय घडतं

ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं, ग्लुकोकायनेज त्याला फॉस्फेट जोडतं आणि पुढे एटीपी वाढतो. एटीपी वाढला की पेशीच्या आवरणातल्या एटीपी-संवेदनशील पोटॅशियम वाहिन्या बंद होतात, आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आणि आत आलेलं कॅल्शियम इन्सुलिनच्या कणिकांना आवरणाशी जुळवून बाहेर रिकामं करतं. जीएलपी-१ वेगळ्या दारानं येतं. त्याचा ग्राही (पेशीवरचं त्याला ओळखणारं प्रथिन) जी-एस या निरोप आत नेणाऱ्या प्रथिनाला जोडलेला आहे. त्यातून अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालू होतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, आणि तो प्रोटीन कायनेज ए व एपॅक-२ या दोन वाटांनी कणिका बाहेर पडण्याचं काम सोपं करतो. पण कॅल्शियमचा मुख्य लोंढा आणतं ते ग्लुकोजच. जीएलपी-१ वर आधारलेल्या मधुमेहाच्या औषधांनी, ती एकटी घेतल्यास, रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची शक्यता कमी असते, ती यामुळेच.

या विषयाची मुळं पेशीसंवर्धनातच आहेत. १९८७ साली ड्रकर, हॅबेनर, मॉय्सोव्ह आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या (रॅटच्या) इन्सुलिनोमा (इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीतल्या) पेशींमध्ये जीएलपी-१ मुळे सायक्लिक एएमपी आणि इन्सुलिन जनुकाची अभिव्यक्ती वाढते असं दाखवलं. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इंजेक्शन-पेनांच्या मागे अशा प्लेटवरच्या प्रयोगांची रांग उभी आहे.

पेशी कोणती?

इथे घाई करू नका. आपल्याकडे सर्वांत सहज मिळते ती आरआयएन-५एफ ही रॅटची पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडून ती अनेकांनी आणली आहे आणि वनस्पतींच्या अर्कांवरच्या कितीतरी प्रबंधांत ती दिसते. अडचण एवढीच की या घराण्यातल्या पेशी शरीरातल्या नेहमीच्या टप्प्यातल्या ग्लुकोजला नीट प्रतिसाद देत नाहीत. पेशी मरतात की जगतात एवढंच पाहायचं असेल तर त्या चालतील. ग्लुकोजवर अवलंबून असलेलं स्रवण पाहायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की त्या घेऊ नयेत.

चांगले पर्याय तीन. आयएनएस-१ या रॅटच्या पेशीची ८३२/१३ ही उपशाखा ग्लुकोजला जोरदार प्रतिसाद देते. आयएनएस-१ई तिच्याच नात्यातली, तीही उत्तम. एमआयएन-६ ही माऊसची पेशी, पण पिढ्या वाढल्या की तिचा प्रतिसाद ढासळतो. या पेशी बहुधा दुसऱ्या प्रयोगशाळेकडून साहित्य-हस्तांतरण करार करून मिळतात. करारावर सह्या व्हायला वेळ लागतो, तेव्हा पत्रव्यवहार पेप्टाइड मागवण्याच्या आधी सुरू करा, नाहीतर महागडी कुपी फ्रीझरमध्ये वाट बघत पडते. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरीही त्याच वेळी घेऊन ठेवा.

आयएनएस-१ चं माध्यम ठरलेलं आहे: ११.१ मिलिमोलर ग्लुकोज असलेलं आरपीएमआय-१६४०, त्यात १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम, १० मिलिमोलर हेपीस, २ मिलिमोलर ग्लुटामिन, १ मिलिमोलर सोडियम पायरुव्हेट आणि ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. हे शेवटचं रसायन दुर्गंधीमुळे टाळायचा मोह होतो. टाळू नका, त्याच्याविना या पेशी नीट वाढत नाहीत. ट्रिप्सिन देताना हात हलका ठेवा आणि पेशी फार विरळ पेरू नका. या पेशींना शेजार लागतो.

पेशी आल्या की पहिलं काम मायकोप्लाझ्मा या संवर्धनात शिरणाऱ्या जिवाणूची पीसीआर चाचणी. मायकोप्लाझ्मा लागलेली पेशी मायक्रोस्कोपखाली तंदुरुस्त दिसू शकते आणि तिचं स्रवण मात्र भलतंच असतं. दुसरं काम म्हणजे सुरुवातीच्या पिढीच्या भरपूर कुप्या गोठवून ठेवणं. द्रव नायट्रोजनचा पुरवठा हा मोठ्या शहरांबाहेर नेहमीचा प्रश्न असतो, पण जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतच असतो. देवणी आणि लाल कंधारी वळूंच्या वीर्यकांड्या ज्या प्रकारच्या कंटेनरमध्ये राहतात, तसाच कंटेनर आपल्या पेशींनाही चालतो. पशुवैद्यकवाल्यांशी ओळख ठेवा. संस्थेच्या खरेदी विभागापेक्षा ती कधीकधी लवकर कामी येते.

पुण्याहून जिवंत फ्लास्क आणत असाल तर तो माध्यमानं मानेपर्यंत भरून, झाकण घट्ट लावून थर्मोकोलच्या खोक्यात आणा. अर्धवट भरलेल्या फ्लास्कमध्ये रस्ताभर द्रव हिंदकळतो आणि पेशी सुटतात. बर्फात ठेवू नका, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीतही नाही.

मे महिना, लाइट आणि बोअरचं पाणी

सीओटू इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. बहुतेक यंत्रांना खोलीचं तापमान ३७ पेक्षा निदान ५ अंशांनी खाली असावं लागतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. रात्री एसी बंद करून दार लावलं की खोली तापलेलीच राहते आणि इन्क्युबेटर गुपचूप ३८-३९ वर पोचतो. सकाळी एसी लावल्यावर पडदा पुन्हा ३७ दाखवतो आणि कोणाला काही कळत नाही. आत किमान-कमाल नोंदवणारा साधा थर्मामीटर ठेवा. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवा.

लाइट गेल्यावर इन्क्युबेटर यूपीएसवर असला तरी खोलीचा एसी नसतो, हेही लक्षात असू द्या. रात्री लांबलचक वीज गेली असेल तर त्या दिवशी स्रवणाचा प्रयोग करू नका. पेशी मेलेल्या नसतात, पण त्यांचा मूळ स्तर बदललेला असतो. वहीत नोंद करून प्लेट टाकून द्या. सहा महिन्यांनी आलेखात एक बिंदू भलतीकडे का गेला याचं उत्तर त्या नोंदीत सापडतं.

पाण्याचं तर विचारूच नका. बोअरचं पाणी जड असतं, आणि या प्रयोगात कॅल्शियम हाच मुख्य खेळाडू. बफर फक्त अतिशुद्ध पाण्यातच करायचा. काचेची भांडी नळाच्या पाण्यानं धुतल्यावर अतिशुद्ध पाण्यानं दोनतीनदा विसळा. बाटलीच्या कडेला बसलेला पांढरा थर म्हणजे तुम्ही न मोजलेलं कॅल्शियम असतं.

पेप्टाइडची कुपी

जीएलपी-१ चं जे रूप वापरायचं ते ७-३६ अमाइड (आकडे साखळीतल्या अमिनो आम्लांचे क्रमांक). कॅटलॉगमध्ये १-३७ सुद्धा असतं आणि ते स्वस्त दिसतं म्हणून कोणी मागवतं. त्याचा ग्राहीवरचा परिणाम फारच क्षीण आहे. ९-३६ अमाइड म्हणजे डीपीपी-४ या विकरानं टोकाची दोन अमिनो आम्लं कापून टाकलेला तुकडा, तोही इथे कामाचा नाही.

७-३६ अमाइडचं रेणुभार सुमारे ३२९८ आहे. म्हणजे १ मिलिग्राम शुद्ध पेप्टाइड हे ३०३ नॅनोमोल, आणि ३०३ मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं की १ मिलिमोलर. पण कुपीतला १ मिलिग्राम सगळा पेप्टाइड नसतो. त्यात पाणी आणि ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेटसारखे क्षार असतात. सोबतच्या प्रमाणपत्रावर 'निव्वळ पेप्टाइड' किती टक्के ते दिलेलं असतं. समजा ८० टक्के असेल तर प्रत्यक्षात २४३ नॅनोमोल आहेत आणि १ मिलिमोलरसाठी २४३ मायक्रोलिटर पुरेत. शुद्धता ९५ टक्के आणि निव्वळ पेप्टाइड ८० टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे सगळ्यांत जास्त गल्लत होते.

कुपी उघडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा म्हणजे टोपणाला चिकटलेली पूड खाली येते. पावसाळ्यात हवेतली ओल थंड कुपीत लगेच शिरते. विरघळवायला अतिशुद्ध पाणी किंवा अगदी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल घ्या. जोरानं हलवू नका. पुढचं पातळ करणं मात्र ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या बफरमध्येच, आणि कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये. नॅनोमोलर पातळीवर पेप्टाइडचा मोठा हिस्सा नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतो. मग तुम्ही १ नॅनोमोलर घातलं असं लिहिता आणि पेशीपर्यंत पोचतं त्याच्या अर्धंही नाही. मूळ द्रावणाचे छोटे वाटे करून उणे ८० वर ठेवा. एकदा वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही.

एक्सेंडिन-४ हाही चांगला पर्याय आहे. हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेलं हे ३९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. त्याच्या दुसऱ्या जागी अ‍ॅलानिनऐवजी ग्लायसिन असल्यामुळे डीपीपी-४ त्याला सहज कापत नाही. सीरम असलेल्या माध्यमात २४ तासांचा प्रयोग करायचा असेल तर जीएलपी-१ पेक्षा हे घ्या, कारण सीरममध्येही डीपीपी-४ असतं.

मेडिकलमधून लिराग्लुटाइड किंवा सेमाग्लुटाइडचं पेन आणून तेच पेशींवर घालण्याची कल्पना दर वर्षी कोणाच्या तरी डोक्यात येते. त्या द्रावणात फिनॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतात. शिवाय ही औषधं अल्ब्युमिनला घट्ट धरतात, म्हणजे बफरमधल्या बीएसएमुळे मोकळं औषध किती उरलं हे बदलतं. अगदी वापरायचंच असेल तर फिनॉल आणि ग्लायकॉल तेवढ्याच प्रमाणात घातलेलं नियंत्रण (तुलनेसाठीचा, औषध नसलेला नमुना) ठेवा.

बफर

आयएनएस-१ई साठी रूढ असलेला क्रेब्ज-रिंगर बफर, १ लिटरला: सोडियम क्लोराइड ७.८९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२६८, सोडियम बायकार्बोनेट ०.४२, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ०.०६, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं) ०.१०२, हेपीस २.३८ आणि कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ०.२२ ग्रॅम. कॅल्शियम सर्वांत शेवटी, वेगळं विरघळवून, ढवळत ढवळत घाला, नाहीतर द्रावण गढूळ होतं. पीएच ७.४. प्रयोगाच्या दिवशी ०.१ टक्का बीएसए घाला, तेही स्निग्धाम्लविरहित. ग्लुकोज बफरमध्ये आधीपासून घालून ठेवू नका. १०० मिलिलिटरमध्ये १८ ग्रॅमचं १ मोलर द्रावण वेगळं ठेवा. त्यातलं ०.२८ मिलिलिटर १०० मिलिलिटर बफरमध्ये म्हणजे २.८ मिलिमोलर, आणि १.६७ मिलिलिटर म्हणजे १६.७.

एक बारकावा. या बफरात बायकार्बोनेट फक्त ५ मिलिमोलर आहे. ५ टक्के सीओटूच्या इन्क्युबेटरमध्ये तासभर ठेवलात तर तो आम्लीय होत जातो. त्यामुळे स्रवणाचा टप्पा साध्या, सीओटू नसलेल्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये करा. सिलिंडर संपलेला असताना हे सोयीचंही पडतं.

चोवीस वेलची मांडणी

प्रयोगाच्या दोनतीन दिवस आधी २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला सुमारे २ लाख पेशी पेरा. प्रयोगाच्या दिवशी थर ८० ते ९० टक्के भरलेला हवा. आदल्या संध्याकाळी माध्यम बदलून ५ मिलिमोलर ग्लुकोजचं आरपीएमआय द्या. रात्रभर ११ मिलिमोलरमध्ये राहिलेल्या पेशींचा मूळ स्राव वर असतो आणि मग ग्लुकोजचा परिणाम झाकला जातो.

आठ स्थिती, प्रत्येकी तीन वेल, अशी एक प्लेट भरते. २.८ मिलिमोलर ग्लुकोज. तेच, अधिक १० नॅनोमोलर जीएलपी-१. १६.७ मिलिमोलर. तेच, अधिक जीएलपी-१. १६.७, जीएलपी-१ आणि १ मायक्रोमोलर एक्सेंडिन ९-३९, म्हणजे ग्राही अडवणारा तुकडा. १६.७ आणि एकटं ९-३९. २.८ सोबत ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. आणि १६.७ सोबत १० मायक्रोमोलर फोर्सकोलिन.

यातली शेवटची दोन वाचवण्याचा मोह टाळा. पोटॅशियम क्लोराइड आवरण थेट विध्रुवित करतं, म्हणजे पेशीत इन्सुलिन आहे आणि ते बाहेर पडू शकतं एवढं सिद्ध होतं. फोर्सकोलिन ग्राहीला वळसा घालून सायक्लिक एएमपी वाढवतं. जीएलपी-१ नं काही झालं नाही पण फोर्सकोलिननं झालं, तर दोष ग्राहीत किंवा पेप्टाइडच्या कुपीत आहे. दोन्हींनी काही झालं नाही तर पेशी बघा. ही दोन नियंत्रणं नसतील तर 'परिणाम दिसला नाही' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. फोर्सकोलिन डीएमएसओमध्ये असतं, तेव्हा प्लेटमधल्या सगळ्या वेलमध्ये डीएमएसओचं प्रमाण सारखं ठेवा.

स्थिती प्लेटवर रांगेनं मांडू नका, विखरून टाका. कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होतं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते आणखी वाढतं.

प्रयोगाचा दिवस

सकाळी आधी प्लेट मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी सुटलेल्या दिसल्या तर पुढे जाऊ नका. मग ग्लुकोज नसलेल्या, ३७ अंशांच्या बफरनं दोनदा हळुवार धुवा. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून सोडायचं, पेशींवर धार धरायची नाही. नंतर २.८ मिलिमोलरच्या बफरमध्ये एक तास ठेवा. सगळ्यांना एका पातळीवर आणणारा हा तास आहे, तो अर्ध्यावर आणू नका. ९-३९ च्या वेलमध्ये शेवटची १५-२० मिनिटं तो घालून ठेवा.

बफर काढून टाका आणि प्रत्येक वेलमध्ये त्या त्या स्थितीचं ५०० मायक्रोलिटर द्रावण घाला. पेप्टाइड या द्रावणात आधीच मिसळलेलं असावं. वेलमध्ये थेंब टाकून प्लेट फिरवण्याची पद्धत चालणार नाही. वेलगणिक ठरावीक सेकंदांचं अंतर ठेवा आणि काढतानाही तोच क्रम पाळा. ३० ते ६० मिनिटं, ३७ अंश. या काळात इन्क्युबेटरचं दार उघडू नका.

वेळ झाली की प्लेट बर्फावर. वरचं सुमारे ४०० मायक्रोलिटर द्रावण अलगद काढा, ४ अंशांवर ३०० जी वेगानं पाच मिनिटं फिरवा आणि वरचं ३०० मायक्रोलिटर नव्या नळीत घ्या. हे फिरवणं वगळलं तर एखादी सुटलेली पेशी नमुन्यात येते, आणि एका पेशीतल्या साठ्यापुढे तिनं तासाभरात सोडलेलं इन्सुलिन किरकोळ असतं. प्लेटमध्ये उरलेल्या पेशींवर आम्ल-इथेनॉल, म्हणजे ७५ टक्के इथेनॉलमध्ये १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. हा पेशीत उरलेला साठा. पहिल्या काही प्रयोगांत वरच्या द्रावणातलं लॅक्टेट डिहायड्रोजनेजही मोजा, म्हणजे पेशी फुटून इन्सुलिन गळतंय की खरंच स्रवतंय हे कळेल.

एलायझा आणि हिशेब

आयएनएस-१ साठी किट रॅटचं आहे ना, हे मागवण्याआधी बघा. किती पातळ केल्यावर नमुने प्रमाण वक्राच्या मधोमध येतात ते आधी दोनचार नमुन्यांवर तपासा. साठ्याचा नमुना तर शेकडो ते हजारपट पातळ करावा लागतो. फार तीव्र नमुना काही किटांमध्ये उलट कमी आकडा दाखवतो. पातळ केल्यावर आकडा वाढला तर समजून जा.

बरीच किटं बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालतात. आरपीएमआयमध्ये लिटरला ०.२ मिलिग्राम बायोटिन असतं. २४ तासांचा प्रयोग आरपीएमआयमध्ये करून तेच माध्यम किटमध्ये घातलं तर वाचन बिघडू शकतं. क्रेब्ज बफरमध्ये बायोटिन नाही, म्हणून तिथे ही चिंता नाही. प्रमाण वक्र मात्र त्याच बफरमध्ये तयार करा, ज्यात नमुने आहेत.

हिशेब साठ्याच्या टक्क्यांत मांडा. समजा वरच्या ५०० मायक्रोलिटरमध्ये १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. म्हणजे ६ नॅनोग्रॅम बाहेर पडलं. पेशीत ५९४ उरलं. एकूण ६०० पैकी ६, म्हणजे स्रवण १ टक्का. प्रथिनानं भागायचं असेल तर आधी बीएसए पूर्ण धुवून काढा, नाहीतर पेशीच्या प्रथिनाऐवजी बफरचंच प्रथिन मोजाल.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एका दिवसाच्या तीन वेलची सरासरी म्हणजे एक आकडा. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पिढीच्या पेशींवर केलेले प्रयोग मोजायचे, आणि तुलना त्याच दिवसाच्या नियंत्रणाशी जोडीनं करायची. दिवसागणिक मूळ स्तर हलतो, पण पटीतली वाढ त्यामानानं टिकून राहते. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न पहिला विचारतात.

हे जमलं की मग मात्रा-प्रतिसाद वक्र: ०.१ पासून १०० नॅनोमोलरपर्यंत, १६.७ मिलिमोलर ग्लुकोजवर. वाट कोणती हे बघायचं असेल तर सायक्लिक एएमपी मोजा. त्यासाठी तो मोडणारी विकरं आयबीएमएक्सनं अडवावी लागतात, पण आयबीएमएक्स स्वतःच स्रवण वाढवतं. म्हणून सायक्लिक एएमपीची प्लेट वेगळी आणि स्रवणाची वेगळी. कायनेज ए अडवायला एच-८९ सगळेच वापरतात. ते इतर कायनेजांनाही अडवतं, तेव्हा त्याच्या एकट्याच्या भरवशावर निष्कर्ष लिहू नका.

दाबणारी पेप्टाइडं

सोमॅटोस्टॅटिन जी-आय प्रथिनावाटे स्रवण दाबतं. इथे आधी स्रवण वर नेऊन ठेवावं लागतं, म्हणून १६.७ ग्लुकोज अधिक फोर्सकोलिन किंवा जीएलपी-१ ही पायाभूत स्थिती घ्या आणि त्यावर १०० नॅनोमोलर सोमॅटोस्टॅटिन-१४ द्या. आदल्या रात्री मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम पर्टुसिस टॉक्सिन (जी-आय प्रथिन बंद पाडणारं विष) दिलेल्या वेलमध्ये हा दाब नाहीसा झाला तर वाट सिद्ध होते.

घ्रेलिन अवघड आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जठरातून शोधलेल्या या २८ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडच्या तिसऱ्या सेरिनवर ऑक्टॅनॉइल गट असतो, आणि तो नसेल तर त्याचा नेहमीचा ग्राही त्याला ओळखत नाही. सीरममधली एस्टरेजं हा गट तोडतात, म्हणून सीरममुक्त बफरमध्येच, ताजं द्रावण करून वापरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वादुपिंडातल्या लँगरहॅन्स बेटात (बीटा, डेल्टा इत्यादी पेशींच्या पुंजक्यात) घ्रेलिन बरंचसं काम डेल्टा पेशींमार्फत करतं. त्या सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि बीटा पेशी गप्प होतात. आयएनएस-१ च्या प्लेटमध्ये डेल्टा पेशी नसतात. तिथे घ्रेलिननं काही केलं नाही तर 'घ्रेलिन इन्सुलिन दाबत नाही' असं लिहू नका, 'या पेशीत थेट दाबत नाही' असं लिहा. आणि त्याआधी ग्राहीचा आरएनए आहे का ते क्यूपीसीआरनं पाहा.

उलटी बाजू: पेप्टाइड सोडणारी पेशी

आतड्यातल्या पेशी स्वतः पेप्टाइड किती सोडतात हे पाहायला माऊसच्या ग्लूटॅग आणि एसटीसी-१, तर माणसाची एनसीआय-एच७१६ वापरतात. शेवटची तरंगत वाढते. तिला प्रयोगाआधी दोन दिवस मॅट्रिजेलवर चिकटवावं लागतं. स्रवणाचा काळ साधारण दोन तास, बफरमध्ये डीपीपी-४ चा अवरोधक, आणि सकारात्मक नियंत्रण म्हणून फोर्सकोलिन-आयबीएमएक्स.

मांसाच्या प्रथिनाचं पचवलेलं द्रावण एनसीआय-एच७१६ मधून जीएलपी-१ सोडवतं आणि प्रथिनांचे पेप्टोन एसटीसी-१ मधून कोलेसिस्टोकायनिन, हे प्रसिद्ध झालेलं आहे. मग तुरीच्या डाळीचं काय, असा प्रश्न लातूरच्या विद्यार्थ्याला पडला नाही तरच नवल. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ घ्या किंवा बाजारातली डाळ, पण वाण आणि हंगाम नोंदवा. पेप्सिन आणि पॅन्क्रिएटिननं पचवलं की विकरं उकळून निष्क्रिय करा. नंतर पीएच ७.४ वर आणा आणि ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) मोजा. पीएच जुळवताना पडलेलं मीठ आणि नुसती ऑस्मोलॅलिटी यांनीही पेशी प्रतिसाद देऊ शकते. म्हणून तेवढंच मीठ असलेला, डाळ नसलेला आणि तसाच पचवण्याच्या टप्प्यांतून नेलेला कोरा नमुना हवाच. पचवलेल्या प्रथिनांचे काही तुकडे डीपीपी-४ लाही अडवतात, तेव्हा सक्रिय जीएलपी-१ वाढलं म्हणजे स्रवण वाढलं असं होत नाही. एकूण जीएलपी-१ चं किट वेगळं घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.